पाळकीणबाई म्हणू, का पाळकसाहेब?

(जालना. सकाळची वेळ. गल्लीच्या तोंडाला लावलेला फ्लेक्स.)

हा फ्लेक्स बघा. तीन दिवसांची बायबल कन्व्हेन्शन आहे, वर निळं आकाश, पांढरं कबूतर, मधोमध सूट घातलेल्या माणसाचा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरांत "देवाचे सेवक पास्टर" आणि मग नाव. बाजूला बारीक गोल चौकटीत त्यांच्या मिसेस, नावाआधी नुसतं "सौ." आता गंमत अशी की तीन दिवसांच्या सभेत दुपारच्या महिला सभा याच सौ. घेणार, रात्री आजाऱ्यांसाठी प्रार्थना याच करणार, गाणी पण याच उचलणार. पण सेवक एकच, फोटोतले.

मराठवाड्यात मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाया काय काय करतात ते विचारूच नका. संडे स्कूल त्यांचं, घरसभा त्यांच्या, कुणाकडं मयत झाली तर रात्रभर बसून गीतं म्हणणाऱ्या त्याच. आम्ही एका आजीला विचारलं, आजी तुम्ही शिकवता का? तर म्हणल्या, "म्या काहून शिकवू, म्या फक्त सांगते." चाळीस वर्षं सांगायल्यात.

हे 'सांगणं' जुनं आहे बरं का. १८६० च्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्यात काम सुरू केलं, निजाम सरकारकडनं जमीन मिळवून जवळच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. त्या काळच्या मिशनांमध्ये एक नोकरीच असायची, बायबल वुमन. पुरुष मिशनऱ्याला घराच्या आत बायांपर्यंत जाता यायचं नाही, मग या बाया पिशवीत पुस्तकं घालून दारोदार जायच्या, वाचून दाखवायच्या, अक्षरओळख करून द्यायच्या. म्हणजे आत शिकवायला बाई लागते, पण देवळात, म्हणजे चर्चमधे, चार पायऱ्या चढून पुलपिटवर, उपदेशाच्या त्या उंच जागेवर, उभं राहायचं म्हणलं की मग बायबलमधलं प्रेषित पौलाचं पत्र निघतं.

निघतं म्हणजे खरंच निघतं. तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय, बारावी ओवी. स्त्रीनं शिकवावं किंवा पुरुषावर अधिकार चालवावा याला पौल परवानगी देत नाही. विरोध करणारे सगळेच काही अडाणी नाहीत, हे आधी सांगतो. त्यांचं म्हणणं असं की पौल इथं इफिसच्या, म्हणजे तीमथ्य होता त्या शहराच्या, रीतिभातीचं कारण देत नाही, तो थेट आदाम आधी घडवला गेला इथपर्यंत मागं जातो, आणि येशूनं निवडलेले बाराही प्रेषित पुरुषच होते. मुद्दा हलका नाही. पण दुसऱ्या बाजूचे म्हणतात, 'अधिकार चालवणं' यासाठी जो ग्रीक शब्द आहे, ऑथेंतेइन, तो अख्ख्या नव्या करारात एकदाच येतो, त्याचा नेमका अर्थ काय यावरच विद्वान भांडतायत. आणि हाच पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहितो की बाईनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं, म्हणजे ती मंडळीत बोलत होती ना? प्रिस्किल्ला नावाच्या बाईनं नवऱ्यासोबत अपुल्लो या उपदेशकाला घरी नेऊन नीट समजावून सांगितलं, आणि हा अपुल्लो साधा माणूस नव्हता, शास्त्रात पक्का होता.

मग येते फिबी, पौलाच्या काळातल्या मंडळीतली बाई. रोमकरांस पत्र, सोळावा अध्याय. मराठीत तिला 'सेविका' म्हणलंय. ग्रीकमधे शब्द आहे दियाकोनोस, जो पौल करिंथकरांना लिहिताना स्वतःला आणि अपुल्लोला लावतो. आता आपल्याकडं 'देवाचे सेवक' म्हणलं की सूटबूट, हार, स्टेजवरची खुर्ची. आणि सेविका म्हणलं की अंगणवाडी. शब्द तोच, मानधन वेगळं.

पंडिता रमाबाईंचं तर ऐकाच. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पुढं चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या, तिथं त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रात लिहिलं त्याचा मतलब असा, की माझ्या आईनं आणि मी तरुणांना शिकवलं त्याला माझ्या वडलांनी, नवऱ्यानं कधी हरकत घेतली नाही, आता या लोकांनी घ्यावी याचं नवल वाटतं. याच बाईनं पुढं मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या गेल्या १९२२ ला, पुस्तक १९२४ ला निघालं.

कॅथलिकांचं दार मात्र बंद. १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहून टाकलं की बायांना याजकदीक्षा, म्हणजे फादरची दीक्षा, देण्याचा चर्चला अधिकारच नाही. उपासनेत बायबल वाचन करायची अधिकृत नेमणूक सुद्धा बायांना २०२१ मधे मिळाली, तोवर सिस्टर लोक वाचत होत्याच की. इकडं प्रोटेस्टंटांच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बायांना दीक्षा मिळते, आणि दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियानं २०१३ ला आंध्रातल्या नंद्यालला बाई बिशप केली, ई. पुष्पा ललिता.

पण कागदावर मिळणं आणि गावात चालणं यात लई अंतर असतंय, सरपंच बाई आणि 'सरपंच पती' आपण रोज बघतोच.

(एक छोटं देऊळ. उपासना संपलीय, चपला शोधायची गडबड.)

या मंडळीत पाळक, म्हणजे पास्टर, बाई आहेत. स्कूटीवर येतात. लोकांची अडचण धर्माची कमी आणि व्याकरणाची जास्त. पाळकीणबाई म्हणावं तर ती पाळकाची बायको झाली, जशी पाटलाची पाटलीण. मॅडम म्हणावं तर शाळेतल्या वाटतात. पोरं पास्टर दीदी म्हणून मोकळी. म्हातारे लोक तर नावच टाळतात, नुसतं "सलाम" करून हात जोडतात. आणि त्यांच्या मिस्टरला काय म्हणायचं हा तर वेगळाच प्रॉब्लेम, ते बिचारे बाहेर गाडी पुसत उभे.

आत टेबलावर दशांशाच्या, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा चर्चला देतात त्याच्या, पावत्या फाडणं चाललंय. खाली उजव्या कोपऱ्यात छापलंय "पाळकसाहेबांची सही", बाई तिथंच सही करतात, रोज, काही न बोलता. पुस्तक संपत आलंय. नवीन छापायला द्यायचंय, प्रेसवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला, पण त्या कोपऱ्यात काय छापायचं ते कमिटीचं अजून ठरलेलं नाही.