टाकाची रेघ

(दृश्य : कागदावर चालणारा टाक)

जपानमध्ये मोठ्यांसाठी काढलेल्या चित्रकथांची ही गोष्ट. टाक शाईत बुडतो. हात सैल असला की रेघ केसासारखी उतरते. जरा दाब दिला की टाकाची जीभ फाकते, रेघ जाड होते. अंधार भरायला ब्रश. छपाई स्वस्तातली, बहुतेक एकाच रंगाची. जे सांगायचं ते काळ्या-पांढऱ्यातच.

१९५०च्या दशकात ओसाकात पुस्तकं भाड्याने देणारी दुकानं होती. तिथल्या तरुण गिऱ्हाइकांसाठी चित्रकार योशिहिरो तात्सुमींनी बाळबोध चित्रकथा सोडून वेगळी वाट धरली आणि १९५७ मध्ये तिला नाव दिलं, 'गेकिगा', म्हणजे नाट्यमय चित्रं. पुढे त्यांच्या चौकटींत गटारात राबणारे मजूर आले, कोंदट खोल्या आल्या, घरी येऊन कुणाशी न बोलणारी माणसं आली.

(दृश्य : जिम्बोचो, जुन्या पुस्तकांची दुकानं)

टोकियोचा हा पुस्तकांचा मोहल्ला. १९६४ मध्ये कात्सुइची नागाईंनी 'गारो' मासिक काढलं, त्याची कचेरी इथेच, एका लाकूडवाल्याच्या माडीवर होती. सानपेई शिराटोंची शेतकऱ्यांच्या उठावांची प्रदीर्घ चित्रकथा छापायची, हे पहिलं निमित्त.

(दृश्य : 'नेजिशिकी'ची पानं)

आणि ही 'गारो'त आलेल्या 'नेजिशिकी' या कथेची, जून १९६८ची पानं. चित्रकार योशिहारु त्सुगे. उघड्या अंगाचा मुलगा समुद्रातून बाहेर येतो. जेलीफिशने दंडाची शीर तोडली आहे, ती त्याने दुसऱ्या हाताने घट्ट धरली आहे. त्याला डॉक्टर हवाय, आणि या रस्त्यावर पाट्या पाहा : डोळा, डोळा, पुन्हा डोळा. सगळे डोळ्यांचेच दवाखाने!

आता मुलाचा चेहरा बघा. किती कमी रेघांत झालाय. मागचं गाव मात्र रेघेवर रेघ चढवून घट्ट विणलेलं. त्सुगे तेव्हा चित्रकार शिगेरु मिझुकींकडे सहायक होते. साधा चेहरा आणि ठिपक्या-रेघांनी गच्च भरलेली पार्श्वभूमी ही मिझुकींच्या चित्रांचीही खूण. इथे त्या गर्दीत मुलगा परका दिसतो, आणि ते शब्दांत सांगावं लागत नाही. मोठ्यांच्या चित्रकथेची ताकद आम्हाला दिसते ती इथे. शेवटी एक डॉक्टरीण शिरेला तोटी बसवते. स्क्रू आवळला की हात बधिर होतो. कथा संपली.

'गारो'कडे पैसा नव्हता; पुढे मानधनही थांबलं, तरी चित्रकार पानं देत राहिले. १९९७ मध्ये संपादक बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी 'आक्स' हे नवं नियतकालिक काढलं. 'गारो' २००२ मध्ये बंद पडलं.

(दृश्य : कोमितिया, टेबलांच्या रांगा)

१९८४ पासून टोकियोत भरणारा हा चित्रकथांचा बाजार. इथे फक्त स्वतःच्या कल्पनेतल्या कथा विकता येतात. टेबलामागे चित्रकार स्वतः बसतात. पुस्तिकेचे पैसेही तेच घेतात.