बुधवारची बँक

[दृश्य : सकाळ. चर्चच्या मागच्या दाराशी ट्रक. खोकी उतरताना.]

न्यू जर्सी. सकाळचे आठ. राजमा, पास्ता, टोमॅटोचे डबे, पीनट बटर. खोक्यामागून खोकं तळघरात चाललंय. जिना अरुंद, म्हणून माणसांची साखळी. त्यात खालून दुसऱ्या, स्वेटरवर एप्रन बांधलेल्या, त्या आपल्या आजी. साताऱ्याच्या.

बिल्ल्यावर इंग्रजीत लिहिलंय 'आजी'. पहिल्या दिवशी सोडायला आलेल्या नातवाने हाक मारली आणि इथल्या बायकांना वाटलं, हेच नाव. आता पंचाहत्तरीचे आजोबासुद्धा त्यांना आजीच म्हणतात.

ही फूड पॅन्ट्री. इथे शिजवलेलं काही नाही. घरी नेऊन रांधायचा किराणा मिळतो, पैसे न देता. अशा पॅन्ट्रींना माल पुरवतात त्या फूड बँका. इथून जवळच, हिलसाइडला अशी एक मोठी बँक आहे. कॅथलीन डीकियारा यांनी १९७५ मध्ये ती सुरू केली, तेव्हा गोदाम म्हणजे त्यांच्या गाडीची मागची जागा.

आणि 'बँक' हा शब्द त्याच्याही आधीचा. अॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगल गरिबांच्या भोजनगृहात काम करायचे. दुकानांच्या कचऱ्यातून अन्न वेचणारी एक आई त्यांना भेटली. तिनेच सुचवलं : पैशांची बँक असते तशी अन्नाची हवी. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने भरावं, ज्याला लागेल त्याने काढावं. १९६७ मध्ये सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. जगातली पहिली.

आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी परत कामावरच रुजू झाले की!"

कारण आजी बँकेतून निवृत्त झाल्या. कॅश काउंटर.

[दृश्य : टेबल. हातांचा क्लोज-अप.]

हे हात बघा. डबा उचलला, अंगठा कडेवरून फिरला, झाकण दाबलं, बाजूला. पुढचा. पोटाला किरकोळ पोचा असेल तर चालतो. जोडावर किंवा काठावर पोचा असेल, झाकण फुगलं असेल, तर डबा बाद. आत जीवघेणं विष तयार झालेलं असू शकतं. डब्यावरची तारीख उलटली म्हणजे अन्न खराब झालं, असं मात्र नाही. बहुतेक तारखा चवीच्या असतात. अपवाद तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीचा. तिथे एक दिवससुद्धा इकडेतिकडे नाही.

पूर्वी खोटी नोट बोटांना कळायची, आता फुगलेलं झाकण कळतं. शेजारच्या कॉलेजच्या मुलाने एक डबा 'चालेल'मध्ये टाकला. आजींनी न बोलता उचलून 'बाद'मध्ये ठेवला. त्याने हुज्जत घातली नाही.

[दृश्य : घर. रिकामा दिवाणखाना. खिडकीतून पिवळी बस जाताना.]

बाकीचे दिवस असे. साडेआठला मुलगा-सून बाहेर, नातवंडं बसमध्ये. बाहेर फुटपाथ नाही, चालत जावं असं दुकान नाही, आजींना गाडी येत नाही. सगळे मायेने वागवतात. "बसा, आराम करा," म्हणतात. आराम किती करायचा?

बुधवारी मात्र पावणेआठला हॉर्न वाजतो. पॅन्ट्रीतल्याच एक बाई, निवृत्त शिक्षिका, न्यायला येतात. गाडीत दोघींचं काय बोलणं चालतं ते आम्हाला नीट कळलं नाही. निम्मं इंग्रजी, निम्मे हातवारे. हसू येतं ते दोघींना एकाच वेळी. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल.

[दृश्य : वही, पेन्सिल.]

इथे नोंदी कॉम्प्युटरवर होतात. आजी तरीही वहीत लिहितात : आलेली खोकी, बाद डबे, मांडणीवर किती. साडेबाराला बेरीज. ताळा जुळला की खाली दोन आडव्या रेघा. जुळला नाही तर परत मोजणी, आणि तेव्हा कोणी चहाला बोलावलेलं चालत नाही.

दोनला दार उघडतं. लोक येतात, मांडणीवरून आपल्याला हवं ते स्वतः निवडतात. चारपर्यंत फळ्या रिकाम्या. चेहरे मुद्दाम टाळले आहेत.

[दृश्य : फ्रिजवर कालनिर्णय.]

आणि हे कालनिर्णय. एकादशी, संकष्टी आणि लाल पेनने गोल केलेले सगळे बुधवार. परतीचं तिकीट काढायचंय. मुलगा तारखा सांगतोय.

"सतरा चालेल, आई?"

आजी चष्मा लावतात. "बुधवार आहे की रे. अठरा बघ."