बरब्बा कुठे गेला?

नमस्कार श्रोतेहो.

काल उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. दुपारी बारा ते तीन, म्हणजे नागपुरात शहाणा माणूस दार लावून कूलरपुढे पडलेला असतो त्या वेळी, सदरमधलं आमचं चर्च भरलेलं होतं. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलले. कूलरच्या घरघरीत त्यातले दोन उद्गार मला धड ऐकूही आले नाहीत. उद्या पहाटे पुनरुत्थानाची उपासना. आजचा शनिवार मधला. ख्रिस्ती वर्षात याच्याइतका रिकामा दिवस दुसरा नसेल. काल राजाला पुरलं, आणि उद्याची बातमी अजून यायची आहे. नेमक्या अशा दिवशी मला बोलायला विषय मिळाला, माणसाच्या बंडावर ख्रिस्ताने मिळवलेला विजय. मी सुरुवात करणार आहे ती एका कैद्यापासून, येशूऐवजी जमावाने ज्याला सोडवून घेतलं त्या बरब्बापासून.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना शब्बाथशाळेच्या नाटकात मला बरब्बाचं काम मिळालं. येशूच्या कामाला पाठांतर चोख लागायचं, ते माझं नव्हतं. बरब्बाला एकही वाक्य नाही. तोंडाला कोळसा फासायचा, हात सुताच्या दोराने बांधून घ्यायचे आणि उभं राहायचं. गर्दी ओरडते, ‘बरब्बाला सोडा!’ रोमी सुभेदार पिलात हात धुतो, शिपाई दोर सोडतो, बरब्बा निघून जातो. मास्तरांनी एवढंच बसवलं होतं. पुढे महिनाभर गल्लीतली पोरं मला विचारायची, “काय बे बरब्बा, सुटला का?”

मोठेपणी शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, नीट वाचायला लागलो तेव्हा कळलं की आमच्या नाटकात बरब्बाला साधा चोर करून टाकलं होतं. मार्क आणि लूक दोघंही स्पष्ट लिहितात, शहरात बंड झालं होतं, त्यात खून पडला होता आणि त्यासाठी बरब्बा तुरुंगात होता. आता येशूवरचा आरोप बघा. हा लोकांना चिथवतो, कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर देऊ नका म्हणतो, स्वतःला राजा म्हणवतो. थोडक्यात, बंड. वधस्तंभावर इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत पाटी लावली ती याच गुन्ह्याची, ‘यहुद्यांचा राजा’. म्हणजे ज्याने बंड केलं तो सुटला, आणि ज्याने केलं नाही तो बंडाच्या कलमाखाली मेला. नावाची गंमत अशी की ‘बर-अब्बा’चा अर्थ होतो बापाचा मुलगा. एक बापाचा मुलगा बाहेर, दुसरा त्याच्या जागी.

इथे जरा थांबतो, कारण बंड हा शब्द नागपुरात नुसता उच्चारून पुढे जाता येत नाही. आपल्याकडे तो मानाचा शब्द आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची वाट धरली. जातीच्या अन्यायाविरुद्धचं ते बंड होतं असं आपण म्हणतो, आणि मान वर करून म्हणतो. तेव्हा उपदेशकाने ‘मनुष्याने बंड केलं म्हणून तो पापी झाला’ असं म्हटलं की मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीच्या मनात येणारच, अन्यायाविरुद्ध उठणं पाप आहे की काय? पवित्र शास्त्र तसं म्हणत नाही. मिसरचा राजा फारो याने इब्री बायकांचे मुलगे जन्मतःच मारायचा हुकूम काढला तेव्हा शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींनी तो मोडला, वर फारोला थापही मारली, आणि देवाने त्यांचं भलं केलं. येशूचा शिष्य पेत्र याने यरुशलेमच्या न्यायसभेला तोंडावर सांगितलं की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. मग देवाविरुद्धचा बंडखोर कोण? निर्गमाच्या पुस्तकात तो फारोच आहे, सिंहासनावर बसलेला. एदेन बागेत सापाने दाखवलेलं आमिषही तेच होतं, तुम्ही देवासारखे व्हाल. बाबेलचा बुरूज बांधणारे म्हणाले, आपण आपलं नाव करू. दुसऱ्याच्या मानेवर पाय देऊन जो स्वतः देव होऊन बसतो त्याचं हे बंड आहे, आणि तसं बसायची इच्छा महालातच असते असं नाही. आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशीही ती मला दिसते, बहुतेक वेळा माझ्याच खुर्चीत.

पवित्र शास्त्रातल्या दुसऱ्या स्तोत्रात हे बंड साऱ्या जगाचं होतं. राष्ट्रं खवळतात, राजे एकवटतात, देवाची आणि त्याच्या अभिषिक्ताची बंधनं तोडून टाकू म्हणतात. आणि स्वर्गात बसलेला हसतो. पहिल्या मंडळीने प्रार्थनेत हेच स्तोत्र घेतलं आणि त्यात नावं भरली: गालीलचा सत्ताधीश हेरोद, पंतय पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएलाचे लोक. कोणी सुटलं नाही. लूक तर बारीकशी गोष्ट टिपतो, की हेरोद आणि पिलात यांचं आधी वैर होतं, त्या दिवशी ते मित्र झाले. दोन वैऱ्यांची गट्टी जमायला एक निरपराध माणूस पुरला. निवडणुकीच्या दिवसांत आपण काय काय पाहतो, ते मी आकाशवाणीवर बोलत नाही.

आता देव हसला, याचा अर्थ त्याने बंड चिरडलं, असाच कोणीही घेईल. राजे असंच करतात. पण शास्त्रात बंड चिरडणाऱ्या एका राजाची गोष्ट आहे, आणि ती वाचून विजय या शब्दाची चवच बदलते.

इस्राएलाचा राजा दावीद, त्याचा मुलगा अबशालोम. देखणा, केसांचा अभिमान असलेला. वेशीपाशी उभा राहून न्याय मागायला येणाऱ्यांची मनं त्याने गोड बोलून वळवली आणि हेब्रोनात स्वतःला राजा म्हणवून घेतलं. म्हातारा दावीद किद्रोन ओढा ओलांडून, अनवाणी, डोकं झाकून, रडत जैतुनाच्या डोंगरावरून पळाला. पुढे लढाईची वेळ आली तेव्हा त्याने सेनापतींना एकच विनवणी केली, माझ्याखातर त्या पोराला सांभाळून घ्या. पण अबशालोमचं डोकं झाडाच्या फांद्यांत अडकलं, खेचर खालून निघून गेलं, आणि लोंबकळणाऱ्या पोराच्या छातीत सेनापती यवाबाने तीन भाले खुपसले. राजा जिंकला. बातमी आली तेव्हा राजा वेशीवरच्या माडीत चढला आणि हंबरडा फोडत राहिला, माझ्या बाळा, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर! त्या दिवशी जिंकलेलं सैन्य, पळून आल्यासारखं, लपतछपत गावात शिरलं.

दाविदाला मरता आलं नाही. बंडखोर मुलाचा जीव आणि राज्याचा न्याय, दोन्ही वाचवायचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. हजारेक वर्षांनी त्याच्याच वंशातला एक जण एका रात्री तोच किद्रोन ओढा ओलांडून जैतुनाच्या डोंगरापाशी गेला. ख्रिस्ती विश्वास सांगतो तो विजय इथे घडला. माडीतल्या बापाचा हंबरडा इथे खरा झाला. राजा बंडखोरांऐवजी मेला, आणि मरताना म्हणाला, हे बापा, यांना क्षमा कर.

प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिताना यासाठी जो शब्द वापरला तो रोमच्या विजय-मिरवणुकीचा आहे. ती मिरवणूक कशी असायची ते त्याच्या वाचकांना ठाऊक होतं. चार घोड्यांच्या रथात सेनापती, त्याच्या पुढे लूट आणि बेड्या घातलेले शत्रूचे सरदार, आणि मिरवणूक संपता संपता त्यांच्यातल्या म्होरक्याचा वध. यरुशलेम पडल्यावर इ. स. ७१ मध्ये रोमला अशीच एक मिरवणूक निघाली. यहुदी बंडाचा पुढारी सिमोन बार गिओरा याला तिच्या अखेरीस मारलं. मंदिरातला सात शाखांचा दीपवृक्ष लोकांनी खांद्यांवर वाहिला, तो तितसाच्या कमानीवर कोरलेला आजही दिसतो. पौल म्हणतो, ख्रिस्ताने सत्ता नि अधिकार यांना नागवं करून असं मिरवलं. आणि कुठे? वधस्तंभावर! पाहणाऱ्याला त्या दिवशी नागवा केलेला आणि मिरवलेला एकच माणूस दिसत होता, तो स्वतः येशू. तरी पौल चित्र उलटं धरतो आणि म्हणतो, नीट बघा, उघडं कोण पडलं.

हे समजायला मला रोमपेक्षा आपली इतवारी जास्त उपयोगी पडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, काळी आणि पिवळी. सोबत बडगे, म्हणजे पुतळे, त्यांच्या गळ्यांत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंतच्या पाट्या. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!” हा सण माझ्या धर्माचा नाही, पण वडिलांच्या खांद्यावर बसून मी तो पाहिला आहे, आणि ती आरोळी अजून कानात आहे. गावाचं सगळं वाईट एका मूर्तीवर लादायचं, ते गावातून वाजतगाजत न्यायचं आणि जाळून टाकायचं. प्राचीन इस्राएलातही वर्षातून एकदा याजक बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल करी आणि मग त्याला रानात सोडून देत. इब्री लोकांस पत्रात लिहिलं आहे की येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. गुन्ह्याची पाटी, मागे ओरडणारा जमाव, वेशीबाहेरची वाट. फरक म्हणाल तर हा की मारबत बिचारी बांबू-कागदाची, तिला कोणी विचारत नाही. हा मात्र आपण होऊन गेला.

आणि मग, श्रोतेहो, तिसरा दिवस. ते नसतं तर वर बोललो ते नुसतं कारुण्य ठरलं असतं. पौल स्वतःच सांगतो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट. पन्नासाव्या दिवशी पेत्र त्याच यरुशलेमात उभा राहून म्हणाला, ज्याला तुम्ही वधस्तंभावर खिळलं त्याला देवाने प्रभू करून ठेवलं आहे. ऐकणाऱ्यांच्या काळजाला ते भिडलं. आता आपली धडगत नाही, असं वाटायला हवं होतं. राजा जिवंत परत आला आहे आणि मारणारे आपण! त्या दिवशी सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला.

दुसरं स्तोत्र लोखंडी दंडाचंही बोलतं, हे मी लपवत नाही. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल, हे आम्ही दर रविवारी उभं राहून म्हणतो, आणि त्या वाक्यापाशी माझा आवाज दरवेळी थोडा खाली येतो. बंडाचे लाड होतील असं ख्रिस्ती विश्वास कुठेही म्हणत नाही. एवढंच म्हणतो की न्यायाच्या खुर्चीवर जो बसणार आहे त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत.

पौलाचं स्वतःचं काय झालं? मंडळीचा छळ करत तो दिमिष्काच्या वाटेवर होता. आवाज आला, पराणीवर लाथा मारणं तुला कठीण जाईल. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजावून द्यायला नको. बैल तुतारीच्या, म्हणजे पराणीच्या, आरेवर लाथ झाडतो, आर त्याच्याच पायात जाते. पुढे करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल पुन्हा त्या विजय-मिरवणुकीचं चित्र काढतो, आणि स्वतःला रथात बसवत नाही. देव आम्हाला त्या मिरवणुकीत चालवतो, म्हणतो. मला तो बेड्यांच्या रांगेत दिसतो, आणि खूश दिसतो. कारण या एका मिरवणुकीत शेवटी मारला जाणारा आधीच मारला गेला आहे.

आपल्या नारायण वामन टिळकांची गोष्टही याच जातीची. नागपुरात काही काळ राहिलेला हा संस्कृतज्ञ कवी. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते पोचले आणि अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तलवार नाही, सत्ता नाही. एक पुस्तक आणि रेल्वेचा डबा.

जिंकलेल्यांनी एकमेकांशी नांदणं मात्र फार अवघड. आम्ही ख्रिस्ती लोक त्यात वाकबगार नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्यांनी आपापले झेंडे गुंडाळून उत्तर भारताची एक मंडळी स्थापन केली. त्यासाठी चाळीसेक वर्षं बोलणी चालली होती. हेरोद-पिलाताचं एका दिवसात जमलं.

बरब्बा पुढे कुठे गेला, शास्त्र सांगत नाही. आमच्या नाटकात तो कुठे गेला ते मात्र मला पक्कं आठवतं. माझा दोर सुटला आणि मी विंगेकडे वळलो, पण पडद्याची फट काही सापडेना. मी तिथेच कडेला उभा राहिलो. येशूचं काम करणाऱ्या मुलाला वधस्तंभाला बांधायची वेळ आली, आणि शिपायांच्या लक्षात आलं की दुसरा दोर कोणी आणलेलाच नाही. मग त्यांनी जमिनीवर पडलेला माझाच उचलला. आत मास्तर पत्र्याच्या डब्यावर हातोडी मारत होते आणि मधूनच दबक्या आवाजात मला दटावत होते, “बरब्बा, आत ये! अबे, आत ये ना!”

माझे पाय काही हलले नाहीत. शेवटपर्यंत मी त्या दोराकडे बघत होतो.