पाटीपूजनाच्या दिवशी गप्प उभं राहणारं पोरगं

नमस्कार मंडळी. धर्म आणि शाळा या विषयावर नागपुरात बोलायचं तर दसऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण आपल्या शहरात या एका सणाला काय काय होतं ते बघा. रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव, 1925 ची स्थापना त्याच तिथीची. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमी, लाखो माणसं ट्रेनने, ट्रकने, पायी येतात, कारण 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तो दिवस दसऱ्याचाच होता. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर रावणदहन. आणि सुट्टी लागायच्या आधी कितीतरी शाळांत पाटीपूजन, म्हणजे एकाचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं, हात जोडायचे.

आता त्या वर्गात इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतलं एक पोट्टं आहे असं समजा. सात-आठ वर्षांचं. घरात बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत, त्यातल्या पहिल्या तीन ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही अशा आहेत, आणि त्या घरासाठी ही पणजोबांनी दिलेल्या शब्दाची गोष्ट आहे. त्या पोराने काय करायचं? हात जोडले तर घरी काय सांगणार, नाही जोडले तर चाळीस पोट्टे त्याच्याकडे बघणार आणि मॅडम विचारणार काहून रे, तुला काय झालं. मोठ्यांना ज्यावर सभेत एकमत करता येत नाही तो निर्णय आपण दुसरीतल्या मुलाला एकट्याने, सगळ्यांसमोर, अर्ध्या मिनिटात घ्यायला लावतो. मला हे फार लागतं, आणि आज बोलायचंय ते यावरच.

आणि हे एकाच बाजूचं आहे असं समजू नका. कॉन्व्हेंटमधली हिंदू मुलगी रोज सकाळी येशूची प्रार्थना म्हणते, मोमिनपुऱ्यातला मुसलमान मुलगा गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवतो, बहुतेकांना त्यात काही वाटतही नाही, मजाच येते. चांगलंच आहे. पण ज्याला वाटतं त्याचं काय, माझा प्रश्न तेवढ्यापुरता आहे.

याचं उत्तर राज्यघटनेत आहे. कलम 28. शाळा पूर्ण सरकारी पैशावर चालत असेल, म्हणजे जिल्हा परिषदेची, महापालिकेची, तर तिथे धर्माचं शिक्षण द्यायचंच नाही. आणि शाळेला नुसती सरकारची मान्यता असेल किंवा अनुदान असेल, म्हणजे तुमच्या-माझ्या घराजवळची जवळपास प्रत्येक खाजगी शाळा, तर तिथे धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय सामील व्हायला लावता येत नाही, आणि मूल लहान असेल तर ही संमती पालकांची हवी. आता इथे बसलेल्या पालकांनी सांगा, ॲडमिशन घेताना असं कोणी विचारलं होतं का? बसचा रूट विचारतात, रक्तगट विचारतात, हे विचारत नाहीत. शाळा गृहीत धरते, आपण गप्प बसतो.

हे कलम असंच नाही आलं. संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब फार व्यवहारी बोलले होते. एका धर्मासाठी सगळ्यांच्या कराचा पैसा वापरता येणार नाही हे एक. दुसरं म्हणजे लोकल बोर्डाच्या, म्हणजे स्थानिक संस्थेच्या शाळेत इतक्या पंथांची मुलं येतात की प्रत्येकाला आपापल्या धर्माचं शिक्षण देणं शक्यच नाही. आणि तिसरं, प्रत्येक धर्म म्हणणार आमचाच मार्ग खरा आणि बाकीचे चुकीचे, मग हे सगळं एकाच शाळेत आणलं तर तिथली शांतता बिघडणारच.

बरं, याच्या अकरा वर्षं आधी इथून दीड-दोन तासांवर वर्ध्याला काय झालं होतं? ऑक्टोबर 1937 मध्ये तिथे शिक्षण परिषद भरली, नई तालीमची, म्हणजे हाताने काम करत शिकण्याची योजना झाकीर हुसेन समितीने मांडली, आणि गांधींनी त्यात धर्माचा विषय ठेवला नाही. गांधींनी, ज्यांच्या सेवाग्रामला दोन वेळ सर्वधर्म प्रार्थना व्हायची! त्यांनी पुढे कारणही लिहिलं, की आज धर्म जसे शिकवले आणि पाळले जातात त्याने एकी होण्याऐवजी भांडणं होतील अशी भीती वाटते म्हणून वगळलं, पण सगळ्या धर्मांत जे समान सत्य आहे ते मुलांना मिळालंच पाहिजे आणि ते पुस्तकातून नाही मिळत, शिक्षकाच्या रोजच्या वागण्यातून मिळतं. ज्या दोन माणसांचं पुष्कळ गोष्टींत पटलं नाही ते शाळेच्या बाबतीत इतके जवळ आले, यावर शिक्षक मंडळींनी जरूर विचार करावा.

आता कोणी म्हणेल, नुसतं उभं राहिलं तर चालतं का. चालतं. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धर्मामुळे म्हणायची नाहीत, 1985 ला शाळेने त्यांना काढून टाकलं आणि 1986 ला सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. नाशिकच्या एका शिक्षकांनी प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, त्यावरून त्यांची वेतनश्रेणी अडवली गेली, 2013 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की अशी जबरदस्ती करता येत नाही. पण नोकरीवाल्या माणसाला त्यासाठी हायकोर्टात जावं लागलं हो, दुसरीतलं पोरगं कुठे जाईल?

मग शाळेतून धर्म हद्दपारच करायचा का? अजिबात नाही, उलट माझी तक्रार आहे की आपण शाळेत धर्म करून घेतो पण धर्माबद्दल शिकवत नाही. दहावी झालेल्या नागपूरच्या पोराला विचारा ताजुद्दीन बाबा कोण होते, ताजबागेतल्या त्यांच्या दर्ग्यात हिंदू इतक्या श्रद्धेने का जातात. दीक्षाभूमीचा स्तूप रोज बसमधून दिसतो पण आत कधी गेले नाहीत, अशी किती मुलं असतील. तुकडोजी महाराजांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे, पण त्यांनी सगळ्यांना सामुदायिक प्रार्थनेला एकत्र का बसवलं हे मार्कशीटवर नाव वाचणाऱ्याला माहीत नाही. 1999 मध्ये आपल्या शंकरराव चव्हाणांच्या संसदीय समितीने शाळेत सगळ्या धर्मांची मूलभूत ओळख करून द्यावी असं सुचवलं होतं, आणि 2002 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की धर्मांची माहिती देणं घटनेच्या विरोधात नाही. वाट मोकळी आहे. शिक्षक घाबरतात कारण एक शब्द इकडचा तिकडे झाला तर व्हिडिओ व्हायरल होतो, ही भीती खरी आहे, तिथे पालकांनी शिक्षकाच्या मागे उभं राहायला पाहिजे.

 

आता करायचं काय ते सांगतो. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, त्याच्या आत एक बैठक घ्या. प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ टाका की शाळेतल्या पूजा-प्रार्थनेत आमचा मुलगा-मुलगी भाग घेईल किंवा घेणार नाही, आणि खाली पालकाची सही. घेणार नाही म्हणणाऱ्याला वर्गाबाहेर पाठवायचं नाही, कारण बाहेर पाठवणं हीसुद्धा शिक्षाच झाली. त्याने आपल्या मित्रांसोबत त्याच रांगेत उभं राहायचं, हात मोकळे ठेवायचे, आणि त्याला कोणीही काही विचारायचं नाही, हे मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या शिक्षकांना सांगून ठेवायचं. प्रसाद मात्र त्यालाही द्या, हवा असेल तर तो घेईल.