सासूबाईंनी ओळखलेला जाळ

नमस्कार मैत्रिणींनो. आणि भाजी निवडता निवडता तुमच्याबरोबर ऐकणाऱ्या घरच्या मंडळींनाही नमस्कार. आज बोलायचं आहे गर्भाशयातल्या गाठींबद्दल, म्हणजे फायब्रॉइडबद्दल, आणि त्यावर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या औषधांबद्दल. ‘ही औषधं खरी का हो?’ असं दवाखान्यात मला नेहमी विचारलं जातं.

फायब्रॉइड म्हणजे कॅन्सर नव्हे. पुन्हा सांगते, कॅन्सर नव्हे. ही गाठ अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सवर पोसते, म्हणून पाळी गेली की ती बहुधा आपोआप आक्रसते. काही त्रास नसेल तर अनेकदा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं.

पंचगंगेकाठच्या एका गावातली बाई. घरचं गुऱ्हाळ, वय बेचाळीस. पाळीत दहा-दहा दिवस अंगावरून जायचं, हिमोग्लोबिन सातावर आलेलं. (गूळ खाऊन रक्त भरतं, हे आपल्या जिल्ह्यात फार घट्ट बसलंय. गूळ जरूर खा, पण एवढं उतरलेलं रक्त गुळानं भरत नाही. लोहाची गोळी घ्या आणि तिच्यावर लगेच चहा पिऊ नका.) तर एका दवाखान्यात तिला महिन्याला एक, असं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन सुरू झालं. गाठ लहान होईल, एवढंच सांगितलं होतं.

पहिल्या इंजेक्शननंतर आठवड्याभरात रक्तस्राव उलट वाढला. मग थांबला. आणि मग जाळ सुरू झाला. जानेवारीचे दिवस, गुऱ्हाळ भरात. चिपाडं वाळत घालायची, चुलवाणापाशी नेऊन टाकायची, यात तिचा दिवस जायचा. मध्येच चेहरा लाल व्हायचा, झंपर भिजून जायचा. नवरा म्हणाला, “काईलीजवळ हुभी ऱ्हातीस, घाम येनारच की.” तिलाही ते पटलं. पण रात्रीचं काय? पहाटे तीनला वाकळ फेकून ती अंगणात येऊन बसायची. नदीकडनं धुकं आलेलं आणि हिच्या पाठीवरून घामाच्या धारा. झोप उडाली. पोरांवर हात उगारायची आणि मग स्वतःच रडत बसायची. कुणीतरी आपल्यावर काहीतरी केलंय, असं तिच्या मनानं घेतलं. पुढच्या इंजेक्शनला जायचंच नाही, हे तिनं ठरवून टाकलं.

एका पहाटे सासूबाई मागोमाग अंगणात आल्या. सत्तरीच्या बाई, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. सुनेच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. विचारलं, “छातीपासनं वर चढतंय न्हवं? आन् घाम आला की गार पडतंय?” सून व्हय म्हणाली. “मला पन असंच व्हायचं, पाळी जाताना. पर तुला एवढ्यात कशानं?”

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं माझ्याकडे आल्या. सासूबाईंनी पिशवीतून दोन रिकामी खोकी काढून टेबलावर ठेवली. “म्याडम, ह्यात पाळी घालवायचं औषिद हाय का?”

होय, अगदी तेच होतं. हे इंजेक्शन अंडाशयाला काही काळ झोपवतं. सुरुवातीला हार्मोन थोडे दिवस उसळतात, म्हणून तो रक्तस्राव. मग इस्ट्रोजेन खाली जातं, आणि बेचाळिसाव्या वर्षी पाळी गेल्यासारखं सगळं होतं. सोनोग्राफी केली, तर गाठ साडेनऊ सेंटिमीटरवरून सातवर आलेली. हिमोग्लोबिन दहाच्या वर. औषध खोटं नव्हतं. मैत्रिणींनो, औषध खोटं नव्हतं, सांगणं अर्धवट होतं. आम्ही सोबत कमी मात्रेची हार्मोनची गोळी दिली, जाळ निवला. तिनं तिसरं इंजेक्शन घेतलं आणि पाडव्याच्या आधी ऑपरेशन झालं, रक्त न चढवता.

ऑपरेशनपर्यंत नेऊन सोडणं, हे या इंजेक्शनचं मुख्य काम. बंद केलं की काही महिन्यांत गाठ पुन्हा वाढते. आणि फार लांबवलं तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून ते सहसा तीन ते सहा महिनेच देतात.

विश्वासाचं म्हणाल, तर याच गाठींवरच्या युलिप्रिस्टल नावाच्या गोळीचं उदाहरण घ्या. युरोपात २०१२ साली तिला मान्यता मिळाली, खूप नावाजली गेली. मग काही बायकांच्या यकृताला गंभीर इजा झाली, काहींचं यकृत बदलावं लागलं. २०१८ साली यकृताची नियमित तपासणी बंधनकारक झाली आणि २०२० साली तिचा वापर अगदी मोजक्या रुग्णांपुरता उरला. नवं औषध आलं की म्हणूनच मी घाई करत नाही.

आणि गौरी-गणपतीत पाळी पुढं ढकलायला मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणता ना, तेही हार्मोनच. मला विचाराल तर एक वर्ष गौरी जावेनं आणाव्यात.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना विचारा: किती महिने? थांबवल्यावर काय? हाडांसाठी काय? पुन्हा सांगते: किती महिने, थांबवल्यावर काय, हाडांसाठी काय. कागदावर लिहून न्या. हार्मोनचं कुठलंही औषध चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. नमस्कार.