किरकोळ खरेदीला लगाम

नमस्कार, श्रोतेहो.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या किंवा गोकुळ शिरगावातल्या कुठल्याही फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, मालकाला विचारा, पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, आजचा भाव काय. हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगेल. भंगाराचा सांगेल, साच्याची वाळू धरून ठेवणाऱ्या रेझिनचा सांगेल. आता त्यालाच विचारा, गेल्या महिन्यात ग्राइंडिंग व्हील किती रुपयांची आली? तो अकाउंटंटकडे बघतो. अकाउंटंट स्टोअरकीपरला हाक मारतो. आणि स्टोअरकीपर म्हणतो, "साहेब, बिलं अजून यायची हाईत."

आज मला बोलायचंय ते या यायच्या बिलांविषयी. हातमोजे, कॉटन वेस्ट, वेल्डिंग रॉड, कटिंग व्हील, लेथचे इन्सर्ट, बेअरिंग, बेल्ट, कुलंट, ऑफिसातला कागद आणि टोनर. वस्तू किरकोळ, म्हणून तिच्याकडे मालकाचं लक्ष नाही. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मशीन अडतं, सुपरवायझर चिठ्ठी लिहितो, एक पोरगं मोटारसायकल काढून उद्यमनगरला, आपल्या कोल्हापुरातल्या सुट्या भागांच्या बाजारात, जातं. दुकानदार ओळखीचा. "लिहून ठेवा" म्हटलं की झालं. यात कुणी लबाडी करतोच असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण भाव कुणी ठरवला, स्टोअरमध्ये तीच वस्तू आधीची शिल्लक होती का, ती मागायचा अधिकार कुणाला होता, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. पोराचा अर्धा दिवस आणि पेट्रोल तर कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

अलीकडे व्यवसायाच्या खरेदीसाठी ऑनलाइन बाजार उभे राहिले आहेत. ते सगळे एका जातीचे नाहीत, आणि इथेच बरेच जण गोंधळतात. इंडियामार्टसारख्या ठिकाणी तुम्ही चौकशी टाकता, विक्रेत्यांचे फोन येतात, पुढचा व्यवहार बहुतेक वेळा तुमचा तुम्ही करायचा. अॅमेझॉन बिझनेस किंवा मोग्लिक्सवर भाव समोर दिसतो, तिथेच ऑर्डर जाते, कंपनीच्या नावाने जीएसटीचं बिल येतं. एमएसटीसी ही सरकारी कंपनी, तिच्या ई-लिलावात सरकारी खात्यांचं आणि कंपन्यांचं भंगार निघतं. भट्टीवाल्यांना ती माहीत असेलच. आणि जेम, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. तिथे खरेदी सरकारी खाती, सरकारी संस्था आणि काही सहकारी संस्थाच करतात. आपला खासगी कारखाना तिथे माल विकू शकतो, आपल्यासाठी घेऊ शकत नाही. हे सांगायचं कारण, "जेमवर स्वस्त मिळतंय, आपण पण घेऊया की" असं म्हणणारे अजून भेटतात.

आता मुद्द्याचं. ऑनलाइन स्वस्त मिळतं म्हणून तिकडे जा, असं मी सांगणार नाही. कधी मिळतं, कधी नाही. मला या बाजारांचं मोल वाटतं ते तिथल्या खात्याच्या रचनेमुळे. कंपनीचं एक खातं असतं आणि त्याखाली माणसांची वेगवेगळी नावं जोडता येतात. स्टोअरकीपरने वस्तू निवडायची, ऑर्डर पक्की व्हायच्या आधी ती मंजुरीसाठी वरच्या माणसाच्या मोबाइलवर जायची. समजा, दोन हजारांपर्यंत स्टोअरकीपर स्वतः घेईल, दहा हजारांपर्यंत वर्क्स मॅनेजर, त्यापुढे मालक. ही मर्यादा कागदावर लिहून भिंतीला चिकटवली तर आठवड्यात विसरली जाते. सॉफ्टवेअर विसरत नाही, आणि "साहेब, घाई होती" हे त्याला सांगताही येत नाही.

माणसं मात्र हुशार असतात. दोन हजारांची मर्यादा घातली की अठराशे-अठराशेच्या तीन ऑर्डरी जातात, एकाच दिवशी, एकाच वस्तूच्या. सरकारी खरेदीच्या नियमांत मंजुरी टाळण्यासाठी असे तुकडे पाडायला उघड मनाई आहे, ती काही उगाच नव्हे. पोर्टलवरून महिन्याची यादी उतरवून घ्यावी आणि वस्तूच्या नावाप्रमाणे लावावी. तुकडे आपोआप एकाखाली एक येऊन बसतात. कुणावर ओरडायचं काम पडत नाही. यादी टेबलावर ठेवली की पुरे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वस्तूच्या वर्णनात. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, "६२०५ बेअरिंग, दोन नग." ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५. एवढं कुठल्याही कंपनीच्या बेअरिंगला सारखंच. पण पुढची अक्षरं? झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. टूआरएस असेल तर रबरी सील. सी३ असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त, तापून चालणाऱ्या मोटरसाठी. उद्यमनगरातला जुना दुकानदार हे विचारतो. "कुठं बसवणारैस?" म्हणतो, जुनं बेअरिंग हातात घेऊन बघतो आणि बरोबर काढून देतो. संगणक विचारत नाही. तुम्ही जे टाइप कराल ते पाठवतो.

म्हणून ऑनलाइन जायच्या आधी एक कंटाळवाणं काम करावंच लागतं: आपल्या वस्तूंची यादी. नेहमी लागणाऱ्या प्रत्येक वस्तूचं पूर्ण नाव, माप, दर्जा, चालणाऱ्या कंपन्या, एका महिन्याला किती लागते. कटिंग व्हील असेल तर व्यास, जाडी, मधल्या भोकाचं माप आणि कमाल आरपीएम. शेवटचा आकडा गाळू नका. ग्राइंडरचा वेग चाकावर छापलेल्या वेगापेक्षा जास्त असला तर चाक फुटू शकतं, तिथे भावाच्या गोष्टी करून उपयोग नाही. ही यादी एकदा पोर्टलवर नेहमीच्या वस्तू म्हणून जतन केली की स्टोअरकीपरने तिच्यातूनच निवडायचं. यादीबाहेरचं काही हवं असेल तर मंजुरी वेगळी. तीन विभाग तीन नावांनी एकच हातमोजा मागवत होते, हे यादी करतानाच कळतं. माझ्या मते निम्मी बचत इथेच होते, कुठल्याही वेबसाइटवर जायच्या आधी.

बिलाचंही सांगतो. पुष्कळ छोटे उद्योजक आपल्या घरच्या खात्यावरून कारखान्याचा माल मागवतात. दहा हजारांचा माल, त्यावर १८ टक्के, म्हणजे अठराशे रुपये कर. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक नसेल तर तुम्ही भरायच्या करातून त्या अठराशेची वजावट मिळत नाही. मग दोनशे रुपयांच्या सवलतीचा आनंद कशाला? व्यवसायाचं खातं उघडताना जीएसटी क्रमांक नीट भरा. आपल्या महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. आणि विक्रेत्यानेही ते बिल त्याच्या विवरणात भरलेलं असावं लागतं. १ जानेवारी २०२२ पासून, जे बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या तुमच्या खरेदीच्या यादीत, दिसत नाही त्याची वजावट घेता येत नाही. स्वस्त देणारा विक्रेता विवरण भरत नसेल, तर तो स्वस्त नाही.

भावाची तुलनाही माल आपल्या गेटवर पडेपर्यंतची करावी. वाहतूक धरा, किमान किती नग घ्यावे लागतात ते धरा आणि उधारीचे दिवसही धरा. आपला दुकानदार पंचेचाळीस दिवस थांबतो. बँकेचं व्याज वर्षाला बारा टक्के धरलं तर दीड महिन्याचं दीड टक्का होतं. ऑनलाइन पैसे आधी भरायचे असतील, तर तिथला भाव निदान तेवढा तरी कमी हवा.

मोठ्या खरेदीसाठी काही पोर्टलवर उलटा लिलाव होतो. मार्केट यार्डातला गुळाचा सौदा आठवा. तिथे घेणारे बोली चढवत नेतात. इथे विकणारे एकमेकांच्या खाली उतरत जातात. पॅकिंगचे खोके किंवा सेफ्टी शूज यांसारख्या, दर्जा मोजून ठरवता येणाऱ्या मालाला हे चालतं. रेझिनला किंवा वाळूला मी ते लावणार नाही. भावात जो परवडण्याच्या खाली उतरला, तो कुठेतरी भरून काढणारच, आणि ते आपल्याला कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, भोकं दिसल्यावर कळणार.

म्हणजे ओळखीचा दुकानदार सोडायचा का? अजिबात नाही. रात्री दोन वाजता इंडक्शन फर्नेसचा, म्हणजे विजेच्या भट्टीचा, पाण्याचा पंप बंद पडला, तर पोर्टल "तीन ते पाच दिवसांत" म्हणेल. दुकानदार शटर उघडेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक काही दिवस ठप्प झाली. ज्या भागावाचून भट्टी थांबते, तो पावसाळ्याआधी स्टोअरमध्येच हवा. पोर्टलवरचे भाव त्या दुकानदाराला दाखवायला मात्र हरकत नाही. तो चिडणार नाही. बहुतेक वेळा, "एवढं कशाला, मीच देतो की," म्हणतो. सोमवारी सुट्टी असलेल्या कारखान्यांनी तेवढं एक बघावं: पार्सलवाला नेमका सोमवारी गेटवर येतो आणि बंद बघून परत जातो. पत्त्यासोबत सुट्टीचा वार टाकून ठेवा.

शेवटी दोन कामं, दोन्ही मालकाने स्वतः करायची. ज्याने ऑर्डर टाकली त्यानेच माल उतरवून घेतला आणि त्यानेच बिलावर सही केली, असं होऊ देऊ नका. ऑर्डर, गेटवरची नोंद आणि बिल ही तीन वेगळ्या हातांतून यावीत; माणसं कमी असतील तर निदान दोन हातांतून. आणि परचेसचा माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याचं पोर्टलवरचं खातं त्याच दिवशी बंद करा. ओटीपी त्याच्या मोबाइलवर जात असेल, तर तो नंबर त्याच्या हिशेबाचा चेक देण्याआधी बदलून घ्या.

नमस्कार.