तिसरा नोड गप्प का बसतो

[शनिवार, रात्री साडेदहा. महापे. सर्व्हर रूमचं दार उघडतं.]

हा आवाज रॅकमधल्या पंख्यांचा. इथे पाच मिनिटं उभं राहिलं की माणूस आपोआप ओरडून बोलायला लागतो. आज ड्रिल आहे. ही साइट गेली असं धरायचं आणि काम हैदराबादच्या डीआर साइटवर, म्हणजे डिझास्टर रिकव्हरीसाठी राखलेल्या पर्यायी जागी, न्यायचं.

[क्लोज-अप: रॅकवर चिकटवलेल्या पट्ट्या, एक, दोन, तीन.]

हे तीन नोड, म्हणजे तीन मशीन, मिळून रॅबिटएमक्यूचा क्लस्टर, एकत्र काम करणारा गट. रॅबिटएमक्यू म्हणजे संदेशांच्या रांगा सांभाळणारं सॉफ्टवेअर. ऑर्डर, पेमेंट, एसएमएस, सगळ्यांचे संदेश आधी इथल्या रांगेत येतात. पलीकडचे प्रोग्राम सवडीनं एकेक उचलतात. संदेश तिघांपैकी किमान दोघांकडे नोंदला गेला, तरच पाठवणाऱ्याला ‘मिळाला’ असं कळवलं जातं.

‘काढू का, मॅडम?’
‘काढ.’

[पॉवर केबल निघते. स्क्रीनवर एक चौकोन लाल.]

संदेशांचा आलेख अडखळला आणि पुन्हा चालू लागला. उरलेल्या दोघांनी आपल्यातला एक लीडर, म्हणजे रांग चालवणारा, निवडला. आता दुसरी केबल.

[आलेख सपाट.]

तिसरा नोड जिवंत आहे, पण काम करत नाही. त्याला बिघाड म्हणू नका. बाकीचे दोघे बंद पडलेत की आपलाच संपर्क तुटलाय, हे त्याला आतून कळायला मार्ग नाही. तो एकट्यानं रेटत राहिला आणि तिकडे ते दोघेही चालू असले, तर पुढे दोन वेगळे हिशेब जुळवत बसावं लागेल.

‘डीआर कशाला, आमच्याकडे क्लस्टर आहे की’ हे वाक्य आम्ही चित्रीकरणात बऱ्याच ठिकाणी ऐकलं. क्लस्टर एका छपराखाली असतो. आणि कुणी चुकून रांगच डिलीट केली, तर ती तिन्ही नोडवरून जाते, अगदी इमानेइतबारे.

[हैदराबादचा व्हिडिओ कॉल. हेडफोन लावलेला तरुण.]

म्हणून हैदराबादला स्वतंत्र क्लस्टर आहे. दोन शहरांत मिळून एकच क्लस्टर ताणायचा नाही, हे रॅबिटएमक्यूचे कर्तेही सांगतात. इथल्या प्रत्येक संदेशाची जादा प्रत वेगळ्या रांगेत पडते आणि शॉव्हेल नावाचा प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, ती तिकडे ओततो. शॉव्हेल म्हणजे फावडं, काम नावाप्रमाणेच. फक्त त्यातले कोणते संदेश इथे आधीच उरकलेत, हे फावड्याला ठाऊक नसतं. त्यामुळे तिकडचा प्रोग्राम प्रत्येक संदेशाचा क्रमांक डेटाबेसमध्ये तपासतो आणि मगच हात लावतो.

[छापील रनबुक. नवव्या पानावर चहाचा डाग.]

रनबुक म्हणजे अशा वेळी काय काय करायचं, त्याच्या पायऱ्या. ते कागदावर, कारण विकी, म्हणजे आमच्या नोंदींची वेबसाइट, याच साइटवर चालतो.

[हैदराबादची स्क्रीन: दोन चौकोन हिरवे, तिसरा येत नाही.]

तिकडचं एक मशीन नुकतंच बदललंय. एकमेकांना ओळखायला सगळ्या नोडकडे एकच गुप्त ओळ लागते, तिला एर्लँग कुकी म्हणतात. नव्या मशीनवर ती वेगळी निघाली आणि बाकी दोघांनी त्याला आत घेतलं नाही. फाइल अगदी छोटी, पण ती शोधण्यात पाव तास गेला.

[आर्काइव्ह: मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल.]

२४ फेब्रुवारी २०२१. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते पावणेचारला सुरू झाले. डीआर साइटकडे वळलेच नाहीत. पुढच्याच महिन्यात बाजार नियामक सेबीनं बाजार संस्थांना ४५ मिनिटांत पूर्ववत होण्याची मर्यादा घातली. २ मार्च २०२४ च्या शनिवारी एक्स्चेंजनं खास सत्र भरवून चालू दिवसातच डीआर साइटवर उडी मारून दाखवली.

[पुन्हा महापे. रात्रीचा दीड.]

हैदराबाद सुरू झालं. सरावातले काही संदेश दोनदा गेले, त्याची यादी सोमवारी निघेल.

[क्लोज-अप: पेन, नववं पान.]

‘कुकीचं कुठे लिहू?’
‘डागाच्या वर लिही. आणि तारीख टाक.’